पेळूपासून काठापर्यंत: नागपुरातील हातमागाचे पहिले धडे

वर्धा मागे टाकून गाडी नागपूरकडे निघाली की काळ्या जमिनीत उभ्या असलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची झाडे, खिडकीतून दिसू लागतात. मी गेले तेव्हा फाल्गुन लागला होता, कापसाची वेचणी बहुतेक आटोपली होती आणि बांधाबांधांवर पळस फुलला होता. सूतकताई, वनस्पतिज रंगकाम आणि हातमाग यांचे प्राथमिक वर्ग पुण्या-मुंबईकडेही चालतात. तरीही त्यासाठी नागपूर निवडण्याचे माझे कारण याच खिडकीत होते. कापूस, रंगाची फुले, टसर या रानटी रेशमाचे कोष आणि विणकरांच्या वस्त्या या सगळ्या गोष्टी एका दिवसाच्या अंतरात जिथून पाहता येतील, असे दुसरे शहर महाराष्ट्रात मला तरी माहीत नाही.

वर्ग नागपूरच्या महाल नावाच्या भागातील एका जुन्या घराच्या ओसरीत आणि मागच्या अंगणात भरत असे. आम्ही मोजकेच विद्यार्थी होतो. कताई शिकवणाऱ्या वयस्क बाईंना सगळे मावशी म्हणत आणि मागावरच्या गुरुजींना काका. माग कोपऱ्यात झाकून ठेवलेला होता आणि त्याला इतक्यात कोणी हात लावायचा नाही, असे पहिल्याच सकाळी बजावण्यात आले. आधी टकळी, मग पेटीचरखा, मग रंग आणि सर्वांत शेवटी माग, हा क्रम काहींना रुचला नाही. मला मात्र तो वर्गाचा सर्वांत मोठा गुण वाटला.

कताईचे वर्णन करणे सोपे आहे. पिंजलेल्या कापसाचा पेळू, म्हणजे सैल गुंडाळी, एका हातात धरायचा, टकळीला दुसऱ्या हाताच्या बोटांनी फिरकी द्यायची, आणि तंतू एकमेकांवरून सरकत असतानाच त्यांना पीळ बसेल अशा बेताने हात मागे घ्यायचा. अडचण अशी, की पीळ सगळीकडे सारखा बसत नाही. तो नेहमी बारीक जागेकडे धावतो. जिथे सूत जाड राहिले तिथे पीळ कमी पडतो, तंतूंची परस्परांवरील पकड ढिली राहते आणि सूत नेमके त्या जाड, पुष्ट दिसणाऱ्या जागीच सुटते. जाड म्हणजे मजबूत, ही आपली समजूत टकळीपुढे टिकत नाही. मावशी फार बोलत नसत, पण कोणी हिसका दिला की त्यांचे ठरलेले वाक्य येई, "धाग्याले ओढू नका जी, त्याले येऊ द्या."

पेटीचरख्यावर हाच व्यवहार वेगाने होतो. एका चाकाने दुसरे चाक आणि त्याने चाती, म्हणजे सूत गुंडाळणारी सळई, फिरते, त्यामुळे हाताच्या एका फेऱ्यात चातीचे कितीतरी फेरे होतात. पुस्तकाच्या आकाराच्या पेटीत घडी होऊन बसणारा हा चरखा गांधीजींच्या येरवडा तुरुंगातील वास्तव्यात आकाराला आला, म्हणून त्याला येरवडा चरखा असेही म्हणतात. सुट्टीच्या दिवशी आम्ही वर्ध्याचे मगन संग्रहालय पाहून आलो. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ उभारलेल्या या संग्रहालयाचे उद्घाटन १९३८ साली गांधीजींच्या हस्ते झाले. तिथे ओळीने मांडलेले चरखे पाहताना हे उपकरण किती जणांनी किती वेळा सुधारून पाहिले आहे, याची जाणीव होते. सेवाग्राम तिथून जवळच आहे. पण त्याविषयी इतके लिहिले गेले आहे की मी त्यात भर घालत नाही.

हातकताईचा अभ्यास या शहरात करण्यात एक विसंगतीही आहे, कारण आधुनिक नागपूर घडले ते गिरणीच्या भोंग्यावर. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आले आणि गिरणीला नाव मिळाले. गिरणी पुढे बंद पडली आणि तिच्या जागेवर आता मॉल उभा आहे. गिरणीच्या यंत्रांना लांब आणि एकसारख्या तंतूंचा कापूस लागतो. आखूड धाग्याचा देशी कापूस हाताने चांगला कातता येतो, पण आज विदर्भाच्या शेतांत तो क्वचितच दिसतो. आमच्या हाती आलेला पेळूही संकरित कापसाचाच होता.

रंगकामाचे दिवस मला सर्वाधिक आवडले, आणि नैसर्गिक म्हणजे सोपे व निरुपद्रवी, हा भाबडा समज तिथे बरा झाला. सुती धागा रंग सहजासहजी धरत नाही. तो आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बराच वेळ उकळून त्यातील मेणचट अंश काढावा लागतो. नंतर त्याला हिरड्याच्या काढ्यात बुडवतात, कारण रंग पक्का करणारी तुरटी सुताला नीट चिकटत नाही, पण हिरड्यातील तुरट द्रव्य चिकटते आणि त्या द्रव्याला तुरटी धरून राहते. मग रंग येतो. हा पाया घातलेल्या सुताला मंजिष्ठेने लाल, डाळिंबाच्या सालीने पिवळी आणि काताने तपकिरी छटा येते. हिरड्यात भिजलेले तेच सूत हिराकसाच्या, म्हणजे लोखंडाच्या क्षाराच्या, पाण्यात घातले, तर ते डोळ्यांदेखत करडे आणि मग जवळजवळ काळे होते. हिराकस प्रमाणाबाहेर पडले तर सूत पुढे कमकुवत होते, म्हणून ते मोजण्याचे काम मावशी कोणाकडे सोपवत नसत.

पळसाची फुले आम्ही स्वतः वेचून आणली होती. त्यांचा केशरी-पिवळा रंग पाहून सगळे खूश झाले, पण तो मंजिष्ठेइतका पक्का नसतो आणि हळदीचा तर उन्हापुढे टिकावच लागत नाही, हे मावशींनी तेव्हाच सांगून टाकले. बाजारात नैसर्गिक रंग म्हणून विकताना ही माहिती सांगणारे दुकानदार मला अजून भेटायचे आहेत.

निळीची तऱ्हाच वेगळी. नीळ पाण्यात विरघळत नाही. चुना आणि गूळ घालून तिचे माठ आंबवले, की ती विरघळणाऱ्या रूपात येते. अशा माठातून सूत बाहेर काढले की ते हिरवट-पिवळे असते आणि हवा लागताच निळे होत जाते. गडद निळा हवा असेल तर तास वाढवून उपयोग नाही, पुन्हा पुन्हा बुडवून प्रत्येक वेळी हवा द्यावी लागते.

मागावर बसण्याची पाळी आली तेव्हा काकांनी आधी ताणा, म्हणजे कापडाचे उभे तार, भरायला लावला. बारा इंच रुंदीच्या पट्टीला इंचाला चोवीस तार धरले, तरी २८८ तार होतात आणि त्यांतील प्रत्येक तार ठरलेल्या क्रमाने तार वर-खाली उचलणाऱ्या फाशातून आणि मग फणीच्या घरातून ओवावा लागतो. ताण्याला घर्षण आणि ओढ दोन्ही सोसायची असल्याने आम्ही गिरणीचे सूत घेतले, तेही खळ, म्हणजे पिठाची पेज, देऊन; स्वतः कातलेले सूत बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, वापरले. यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही, कारण नवशिक्याचे सूत ताण्याचा भार पेलत नाही. बाणा वाहणारा धोटा फेकणे, पायाखालची पावडी दाबणे, फणी ठोकणे ही लय त्यानंतर लवकर बसते. काठ सरळ ठेवणे मात्र वेगळीच विद्या आहे.

ती विद्या ज्यांच्या हातात आहे, त्यांना भेटायला काका आम्हाला नागपुरातीलच पाचपावलीकडे घेऊन गेले. पूर्वी घरोघरी माग असलेल्या या भागात आता ते शोधावे लागतात. तिथल्या एका घरात करवतकाठी टसर साडी मागावर होती. साडीच्या मधल्या अंगाचा बाणा वेगळा आणि दोन्ही काठांचे बाणे वेगळे, असे तीन धोटे चालतात आणि काठ व अंग जिथे जुळतात तिथे ते एकमेकांत अडकवून करवतीचे दाते उमटवले जातात. टसरचे कोष पूर्व विदर्भातील जंगलांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढवले जातात. विणकर गृहस्थांना मी विचारले, की घरातील पुढची पिढी मागावर बसते का? "पोरगा शिकला जी, पण बसत नाही," एवढेच ते म्हणाले आणि धोटा पुढे गेला. साडीच्या किमतीवरून घासाघीस करणाऱ्यांनी अशा मागाशेजारी एक दुपार काढावी, असे मला फार वाटले.

कोणाला असा वर्ग करायचा असल्यास माघ-फाल्गुनात जावे. तेव्हा पळस फुललेला असतो आणि नागपूरचा उन्हाळा अंगावर आलेला नसतो. पावसाळ्यात सूत वाळवण्याचे हाल होतात. पैसे भरण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: ताणा विद्यार्थी स्वतः भरतात, की भरलेल्या मागावर चार बोटे विणून फोटो काढतात? दुसरे उत्तर मिळाले, तर तेवढ्या पैशात एक टकळी आणि पुरेसे पेळू घेऊन घरीच सुरुवात केलेली बरी.