तालमीचे दोन रविवार

अक्षय तृतीयेनंतरचे दोन रविवार आमच्या मंडळाने कुस्तीच्या तालमीच्या मातीच्या भिंतींसाठी राखलेले असतात. खानापूर तालुक्यातला पाऊस थांबत नाही; मृगाआधी लिंपण खडखडीत वाळायलाच हवं. नारळ फुटतो, अध्यक्ष दोन शब्द बोलतात. सगळे थांबलेले असतात ते अण्णा गवंड्यांसाठी.

पेंढा न घातलेली ओली माती मळून अण्णा तीन सेंटीमीटर जाडीची वळी करतात आणि पाटाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवतात. गुरुजी शेजारी पट्टी धरून. पाच सेंटीमीटरच्या आत तुटली तर वाळू जास्त, लिंपण भुगा होऊन गळणार. पंधराच्या पुढेही लोंबत राहिली तर चिकण जास्त, वाळताना भेगाळणार. दहा-बाराला तुकडा पडला की अण्णा म्हणतात, "बघा की, मातीच सांगतीया." दरवर्षी हेच वाक्य, आणि दरवर्षी ऐकताना ऊर भरून येतो.

मग गुरुजी माली देशातल्या जेन्नेच्या मशिदीबद्दल सांगतात. आजची इमारत १९०७ ची, १९८८ पासून ते गाव जागतिक वारशात. भिंतीतून बाहेर काढलेल्या ताडाच्या दांड्यांवर चढून सारा गाव दरवर्षी तिला लिंपतो. पोरं लगेच आपल्या भिंतीकडे बघतात.

सहा घमेली मातीला तीन वाळू, दोन घमेली बोटभर लांब कापलेला पेंढा, एक ताजं शेण. आठवडाभर भिजवून रोज तुडवायचं. इथेच माणसं कमी पडतात. दुसऱ्या रविवारी फोटोला गर्दी होते, पण तुडवायला तीच दहा-बारा जणं; याचं वाईट वाटतं.

लिंपण्याआधी भिंत झाडून पाण्याचा शिपका मारायचा. कोरडी भिंत थरातलं पाणी ओढते, मग थर पोकळ वाजतो आणि सुटतो. पहिला थर दोन सेंटीमीटर, गोळे जोराने फेकून. तो अर्धवट वाळला की दुसरा, एक सेंटीमीटर. वरून शेणमातीचं सारवण. उत्तरेच्या भिंतीला एकदा सिमेंटचा गिलावा झाला होता. आत शिरलेली ओल बाहेर पडेना, मागची माती फुगली आणि पावसाळ्यानंतर गिलाव्याचे पापुद्रे सुटले. मंडळाने तो सगळा खरवडून काढला, याचा अभिमान आहे.

आभार मानायचे ते या सगळ्यांचे: ट्रॅक्टरवरून पाण्याची टाकी आणणारा भाऊ, पेंढा देणारी शिवारातली तिन्ही घरं, शेणाच्या पाट्या वाहणाऱ्या गवळीवाड्यातल्या वहिनी, शिड्या देणारा वायरमन, झुणका-भाकरी करणाऱ्या मावश्या, सारवणात कोपरेही न सोडणाऱ्या आज्ज्या, पागोळ्या अंगावर पडू नयेत म्हणून वळचणीची कौलं बसवणारे दोघे भाऊ. आणि वाळू चाळायला स्वतःची चाळण देणाऱ्या काकू. त्यांचा उल्लेख गेल्या वेळी भाषणात राहिला होता.