तुम्ही विचारलंत म्हणून: हॉकीत लागत नाही का?

गेल्या सहा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नाही? ऑफिसातल्यांनी विचारला, नणंदेने विचारला, लिफ्टमध्ये खांद्यावरची लांबडी बॅग पाहून अनोळखी माणसांनीसुद्धा विचारला. दातांच्या डॉक्टरांनी तर माउथगार्डचं माप घेताना, माझ्या तोंडात साचा कोंबलेला असताना विचारला. "लागत नाही का हो?" मी दर वेळी "नाही हो, सवय होते" म्हणून वेळ मारून नेते. हे धडधडीत खोटं आहे. लागतं, आणि त्याची सवय होत नाही. तेव्हा एकदा नीट सांगून टाकते.

हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, म्हणजे वजनाला क्रिकेटच्या चेंडूइतकाच, फक्त वर चामड्याऐवजी टणक प्लास्टिक. क्रिकेटमध्ये असा चेंडू खेळायला जाताना माणूस पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट असं सगळं चढवून जातो. आम्ही नडगीवर शिनगार्ड बांधतो, दातांवर माउथगार्ड चढवतो, आणि झालं. अंगभर कवच एकट्या गोलकीपरला. बाकी दहा जण चेंडूच्या आणि एकमेकांच्या भरवशावर. त्यात प्रत्येकाच्या हातात अर्ध्या किलोहून जास्त वजनाची स्टिक. बाहेरून बघणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो, त्यात त्याची काही चूक नाही.

कुठे लागतं तेही सांगते. सगळ्यात जास्त डाव्या हाताच्या बोटांना. समोरच्याचा चेंडू अडवायला स्टिक आडवी जमिनीला टेकवायची, तर डावी मूठही टर्फला टेकते आणि बोटांच्या पेरांची सालं निघतात. पहिल्या वर्षी माझा डावा हात पाहून लोकांना वाटायचं, मी कुठेतरी भिंती घासायला जाते. मग घोटा, कारण शिनगार्ड जिथे संपतं तिथेच चेंडू बरोब्बर येतो. आणि पाठ. चेंडू न लागताही पाठ दुखते ती वाकून. गुडघे वाकवा, पाठ नको, असं आमचे गोलकीपर काका दर रविवारी ओरडतात. ते स्वतः उभ्याने ओरडतात हा भाग वेगळा.

पण हे सगळं किरकोळ. मला खरी भीती वाटते ती माझ्यामुळे दुसऱ्या कुणाला लागेल याची. ती कुणी विचारतच नाही.

ती भीती कुठून आली सांगते. एकोणचाळिसाव्या वर्षी मी क्लबात गेले, त्याआधी कधीही स्टिक धरली नव्हती. दोन-तीन महिन्यांत पूर्ण ताकदीचा हिट, म्हणजे स्टिक मागे नेऊन हाणलेला फटका, मारता यायला लागला, आणि नव्याने शिकलेल्या माणसासारखी मी त्याच्या प्रेमात पडले. तो 'टक्' आवाज! एका सरावाच्या सामन्यात चेंडू मोकळा आला, मी स्टिक मागे नेली, आणि चेंडूला लागायच्या आधी ती कशाला तरी लागली. आमचाच सेंटर हाफ, म्हणजे मैदानाच्या मधोमध खेळणारा, मदतीला म्हणून माझ्या मागे येऊन उभा होता. त्याच्या भुवईवर चार टाके पडले. डोळा वाचला तो बोटभर अंतराने.

मी दोन रविवार गेलेच नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याचाच फोन आला, "ताई, बचावाला माणूस नाहीये, येताय ना?" मी गेले. तो मैदानावर होता, भुवईवर पट्टी. काही बोलला नाही. सराव सुरू झाल्यावर एकदा मी चेंडूवर आले, तर पाठीमागून त्याचा आवाज: "मागे मी आहे." एवढंच. तेव्हापासून आमच्या क्लबात ही हाकच पडून गेली. कुणीही कुणाच्या मागे आला की ओरडतो, "मागे मी आहे!" पाहुणे संघ गोंधळतात. त्यांना वाटतं, आमचा काहीतरी डाव आहे.

पुढचं वर्षभर मी हिट मारलाच नाही. पुश आणि स्लॅप (स्टिक जमिनीलगत झाडूसारखी फिरवून मारायचा फटका), दोनच. पुशमध्ये स्टिक मागे न्यायचीच नसते. चेंडूला टेकवायची आणि ढकलायचं. क्लबच्या खेळात दहापैकी नऊ वेळा तेवढं पुरतं, हे मला त्या वर्षात कळलं. चेंडू जायचा असतो पंधरा पावलांवर. त्याला आपण तोफेतून उडवतो, कारण आवाज छान येतो.

या अनुभवानंतर मी नियमांचं पुस्तक पहिल्यांदा नीट वाचलं. आधी मला वाटायचं, हॉकीचे नियम म्हणजे पंचांनी सारखी शिट्टी वाजवायची सोय. वाचताना लक्षात आलं की त्यातले निम्मे नियम 'समोरच्याला लागू नये' या एकाच चिंतेतून आलेत. स्टिकची एकच बाजू सपाट असते, चेंडू तिनेच खेळायचा. पाच मीटरच्या आत उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर चेंडू उचलून मारला, तर तो धोकादायक खेळ. पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे गोलजवळ बचावाची चूक झाली की समोरच्यांना मिळणाऱ्या संधीत, गोलवरचा पहिला फटका हिट असेल, तर तो गोलरेषेवर गोलच्या तळाशी असलेल्या फळीच्या उंचीच्या, म्हणजे ४६० मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. आणि त्याच कॉर्नरवर माझा सगळ्यात आवडता नियम: गोलवर मारलेला पहिला चेंडू पाच मीटरच्या आतल्या बचावपटूच्या गुडघ्याखाली लागला तर पुन्हा कॉर्नर, गुडघ्यावर किंवा त्याच्या वर लागला तर मारणाराच चुकला, फ्री हिट (चूक झाल्यावर मिळणारा मोकळा फटका) बचावाला. एकाच चेंडूचा न्याय गुडघ्यापाशी बदलतो! कुणीतरी बसून, माणसाच्या अंगावर रेघ आखून हे ठरवलंय.

हे ठरवणारे लोक कोण होते, हे मला नंतर कळलं तेव्हा गंमत वाटली. आजच्या हॉकीला आकार देणाऱ्यांत लंडनजवळच्या टेडिंग्टनचे क्रिकेट खेळणारे हौशी लोक होते. हिवाळ्यात करायचं काय म्हणून १८७१ साली त्यांनी हॉकीचा क्लब काढला. तेव्हा दुसरीकडे रबराच्या ठोकळ्याने खेळत. यांनी गोल चेंडू आणला, गोलसमोरचं ते अर्धवर्तुळ आखलं, ज्याला आपण 'डी' म्हणतो, आणि स्टिक खांद्याच्या वर नेण्यावर बंदी घातली. १८८६ मध्ये लंडनला हॉकी असोसिएशन झाली तेव्हा त्यांचं ते अर्धवर्तुळ नियमांत गेलं. खांद्याच्या वर स्टिक नको, हे मला फार ओळखीचं वाटतं. सोमवारी कामावर जायचं असणाऱ्या माणसांनी केलेला तो नियम आहे. आता चेंडू खांद्याच्या वरही खेळता येतो, धोका नसेल तर. पण मी खेळत नाही.

जाता जाता डावखुऱ्यांसाठी. मी डावखुरी आहे, आणि हॉकीत डावखुरी स्टिक नसते. नियमातच बसत नाही. ऐकून मला पहिल्यांदा राग आला होता. पण स्टिकच्या टोकाला वर डावाच हात असतो, आणि स्टिक फिरवायचं काम तोच करतो. उजवा हात खाली नुसता सैल आधाराला. ड्रिबल करताना सगळी कमाई डाव्या मनगटाची. उजव्या हाताने जेवणारे सगळे पहिले सहा महिने स्टिक उलटवताना घामाघूम होत होते, तेव्हा मला ते आपोआप येत होतं. आयुष्यात एवढी एकच जागा मला सापडलीये जिथे डावखुऱ्याला वेगळी वस्तू देत नाहीत आणि तरी त्याचंच चांगलं होतं.

मूळ मुद्द्यावर येते. नियम पुस्तकात असतात, पण आमच्या सामन्याला पंच म्हणजे ज्याचा घोटा सुजलाय तो. दोन पंच लागतात, प्रत्येकाकडे अर्धं मैदान. कधी दुसऱ्या अर्ध्यात शिट्टी धरायला कुणीच नसतं. तेव्हा खेळ कशावर चालतो? माणसं स्वतःहून थांबतात त्यावर. आमच्यात एक शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई आहेत. चेंडू पायाला लागणं ही हॉकीत चूक धरतात. तो त्यांच्या पायाला लागला की त्या आपणच "पाय!" म्हणून हात वर करतात आणि स्टिक मागे घेऊन उभ्या राहतात. एकदा गोलच्या तोंडाशी, आम्ही एकने मागे असताना त्यांनी असं केलं. पंचाला दिसलंच नव्हतं. आमच्या कर्णधाराने डोक्याला हात लावला. बाई म्हणाल्या, "लागला तर लागला." आम्ही हरलो. कर्णधार अजून तो विषय काढतो, आणि बाई अजूनही हात वर करतात.

नवीन माणसाकडून सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे अडथळा. फुटबॉल खेळून आलेला माणूस चेंडू अंगाआड घेऊन पाठ करून उभा राहतो. हॉकीत ते चालत नाही. चेंडूपर्यंत पोचायची वाट समोरच्याला मोकळी ठेवावी लागते. मला हा नियम सुरुवातीला बावळट वाटायचा: माझा चेंडू, मी का दाखवू? मग एकदा एका धिप्पाड पाहुण्याने चेंडू पाठीआड दडवला, मी स्टिक पुढे घातली आणि तो गर्रकन वळला. त्याचा कोपर माझ्या कानाशी येऊन थांबला. चेंडू उघडा असता तर मी चेंडूवरच गेले असते, त्याच्या अंगावर नाही.

आमच्यात एक एकोणीस वर्षांचा मुलगा आहे, मोठ्या स्पर्धांत खेळलेला. त्याचा ड्रॅग फ्लिक बघावा. चेंडू स्टिकवरून सरपटत येतो आणि सुटतो तेव्हा दिसत नाही. कॉर्नरवर हिटला असतं तसं ड्रॅग फ्लिकला उंचीचं बंधन नाही. तो फ्लिकच, हिट नाही. म्हणजे धोका नसेल तोवर हा मुलगा कायद्याने माझ्या डोक्यावरून, कानाशेजारून, कुठूनही मारू शकतो. मोठ्या सामन्यात कॉर्नर अडवायला धावणारे तोंडावर मास्क चढवतात ते याचसाठी. आमच्या रविवारच्या खेळात तो मुलगा कॉर्नरला खालून, हळू, कोपऱ्यात ढकलतो. कुणी त्याला सांगितलं नाही. एकदा मी विचारलं, "कंटाळा येत नाही का?" म्हणाला, "काकू, हळू मारून गोल करणं जास्त अवघड आहे. काका आधीच पडलेले असतात." गोलकीपर काकांनी हे ऐकलं आणि त्याला दोन आठवडे पाणी दिलं नाही.

मैत्रीचा खेळ म्हणजे ढिला खेळ असं कुणी म्हटलं की मला चीड येते. आम्ही जिंकायलाच खेळतो. पाहुण्यांकडे नऊच जण आले तर आमच्यातला एक त्यांना देतो, आणि दिलेला माणूस आमच्याविरुद्ध जीव तोडून खेळतो. तसं नसेल तर दिला कशाला? एकदा मलाच दिलं होतं. मी माझ्याच क्लबवर गोल केला, कारकिर्दीतला दुसरा. पहिला चुकून माझ्या स्टिकला लागून गेला होता, त्यामुळे खरा हाच.

हौशी लोकांच्या हातून काय होऊ शकतं याचं एक उदाहरण मला फार आवडतं. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये बायकांची हॉकी पहिल्यांदाच आली. बहिष्कारामुळे संघ कमी पडले आणि झिंबाब्वेला अगदी ऐनवेळी बोलावणं गेलं. नोकऱ्या सांभाळून खेळणाऱ्या बायकांचा संघ घाईघाईत जमवला, आणि सुवर्णपदक त्यांनी नेलं. आमच्या क्लबात कुणी सरावाला उशिरा आलं की म्हणतो, "झिंबाब्वे आलं."

यंदाची माझी सगळ्यात मोठी दुखापत विचाराल तर डाव्या पायाचा अंगठा. नख काळंनिळं झालं, तीन आठवडे बूट घालता येईना. हॉकीची बॅग कपाटावरून काढताना गोलकीपर काकांचा जादा पॅड अंगठ्यावर पडला. तो माझ्याकडे दुरुस्तीला होता. म्हणून तीन रविवार मी पंच होते. त्यातच एकदा बचावातल्या मुलीला कॉर्नरवर चेंडू लागला, आणि मला ठरवायचं होतं गुडघ्यावर की गुडघ्याखाली. दोन्ही संघ माझ्याकडे बघत होते. मला दिसलंच नव्हतं. मी तिला विचारलं. तिने क्षणभर विचार केला, शिनगार्डवर हात ठेवला आणि म्हणाली, "खाली." पुन्हा कॉर्नर दिला. त्यावर गोल झाला.