तीन बावन्नची शुभ प्रभात

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूर्य फार लवकर उगवतो. सांगलीचा मामा ३ वाजून ५२ मिनिटांनी गुलाबाची फुलं, वाफाळता कप आणि 'शुभ प्रभात' टाकतो. दोन मिनिटांत दादरच्या आत्याचे जोडलेले हात येतात. एरवी या दोघांचं माझ्या आईबाबांच्या लग्नातल्या मानपानापासून फारसं जमत नाही, पण त्या वेळेला उभ्या महाराष्ट्रात तेच एकमेकांना सोबत असतात. सात वाजता आम्ही उठतो, एक अंगठा दाखवतो आणि पुढे जातो. पावणेचारला तुम्ही दोघं काय करत होतात, असं कोणी विचारत नाही.

विचारलं तर उत्तर ठरलेलं. "झोपच लागत नाही गं."

आमच्या सोसायटीच्या बाकावर सकाळी फिरून आलेली मंडळी बसतात, तिथेही पहिला विषय हाच. "मी साडेचार तास." "मला पाच, पण तुकड्यातुकड्यांत." सगळ्यात कमी झोपलेल्याला थोडा मान असतो. एकदा एक काका "सहा, सलग" म्हणाले, तर बाकीच्यांनी त्यांच्याकडे संशयानंच पाहिलं.

आमच्या सासूबाईंच्या झोपेचा हिशेब मात्र मी घरातच पाहिला आहे. साडेआठची मालिका लागली की त्यांची मान कलते. हाक मारली तर "झोपले नाहीये, डोळे मिटून ऐकतेय." साडेनऊला अंथरुणावर, तीनला टक्क जाग. नाश्त्यानंतर पेपर हातातून छातीवर येतो. दुपारी तास-दीड तास वामकुक्षी. सगळी बेरीज केली तर सात तास सहज भरतात, आणि पासष्टीपुढच्या माणसाला सात ते आठ तासच पुरेत असं तज्ज्ञ सांगतात. पण ही बेरीज त्यांना ऐकवायची माझी टाप नाही. शिवाय ती पूर्ण खरीही नाही. वय वाढतं तशी गाढ झोपेची वाटणी खरोखरच कमी होते. उरते ती वरवरची, लिफ्टचं दार वाजलं तरी मोडणारी. आणि शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या लगेच वर वीसेक हजार पेशींचा एक पुंजका आहे. दिवस-रात्रीची वेळ तो पाळतो. उतारवयात तो संध्याकाळीच 'झाली रात्र' म्हणतो आणि तीन-चारला 'उठा'. हट्टीपणाचा किंवा रिकामटेकडेपणाचा त्यात काही संबंध नाही.

मला तर वाटतं, म्हाताऱ्या माणसांची झोप पूर्वीही अशीच असणार. फरक जागं झाल्यानंतरच्या तासांत आहे. मामाच्या आजीच्या घरी चारला उठणं ही तक्रार नव्हती. बंब पेटवायचा असे, सडा घालायचा असे, ताक करायचं असे, कार्तिकात काकडआरतीला जायचं असे. आणि घरात आणखी कोणीतरी उठलेलं असेच. आता मामा ज्या फ्लॅटमध्ये राहतो तिथे मुलगा रात्री अकराला कामावरून येतो, सुनेला सकाळची ड्युटी, नातीची बारावी. चारला दिवा लावायचा नाही, खोकायचं नाही, फ्लश ओढायचा तर दार घट्ट लावून. "सगळ्यांची झोपमोड होते." मग पांघरुणात फोन घेऊन तो माणूस आम्हाला गुलाब पाठवतो.

या तासांवर बाकावरचा सर्वमान्य तोडगा म्हणजे झोपेची अर्धी गोळी. 'अर्धी' म्हटलं की ती फार सोज्वळ वाटते. अल्प्राझोलामसारखी गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नाही असा नियम आहे. बाकावर तो लागू होत नाही, तिथे पाकीट या पर्समधून त्या पर्समध्ये जातं. सासूबाईंनी मैत्रिणीकडून अशीच एक घेतली. झोप लागली म्हणे छान. रात्री बाथरूमला उठल्या त्या चौकटीवर आपटल्या, आणि सकाळी देवपूजा झाली होती की नाही हे त्यांना आठवेना. आमच्या डॉक्टरीणबाईंना नवल वाटलं नाही. या वयात ही औषधं शरीरातून सावकाश बाहेर पडतात, तोल जातो, डोक्यावर झापड राहते. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी या वृद्धांच्या डॉक्टरांच्या संस्थेच्या यादीत ज्येष्ठांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांत ती आहेत, आणि सर्दी-खोकल्याच्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या औषधांपैकी बरीचशीही आहेत. ज्यांना वर्षानुवर्षं सवय आहे त्यांनी एकदम बंद करायची नाही, डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू उतरवायची, हेही त्यांनी बजावलं. मग ब्लडप्रेशरची, लघवी वाढवणारी गोळी सासूबाई संध्याकाळी घेत होत्या, ती सकाळी केली. रात्रीच्या फेऱ्यांपैकी काही तेवढ्यानंच गेल्या.

खरा धक्का त्यापुढे होता. "साडेदहाच्या आत अंथरुणावर जायचं नाही. उठायचं रोज पाचला. मध्ये जाग आली आणि डोळा लागेना, तर उठून खुर्चीत बसायचं." सासूबाई रिक्षात बसेपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, "झोप येत नाही म्हणून गेले, तर ही बाई म्हणते कमी झोपा!" पण आज निद्रानाशावर गोळीच्या आधी सांगितला जातो तो उपचार साधारण असाच आहे. अंथरुणात तळमळत घालवलेले तास कापायचे, म्हणजे उरलेल्या तासांत झोप दाटून येते. पहिले काही दिवस त्या संध्याकाळी इतक्या चिडचिड्या असत की आम्ही बाहेर जेवायला जायची निमित्तं शोधत होतो. मालिका उभ्यानं बघायची ही त्यांचीच युक्ती. बघताबघता मेथी निवडून होते. आता बऱ्याच रात्री त्या चार-साडेचारपर्यंत झोपतात. कबूल मात्र करत नाहीत.

आत्याची गोष्ट वेगळी. तिला झोपेपेक्षा विसरण्याची भीती. समोरच्या बाईंचं नाव ऐन वेळी आठवत नाही, आणि त्यातच 'कमी झोप म्हणजे स्मृतिभ्रंश' असा एक फॉरवर्ड आला. आपल्या देशात साठीपुढच्यांत साधारण ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना स्मृतिभ्रंश असावा असा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे, तेव्हा भीती अगदीच पोकळ नाही. झोपेचा धागाही खरा आहे. २०१३ साली मेंदूच्या संशोधक मायकेन नेडरगार्ड यांच्या गटानं उंदरांवर दाखवलं, की झोपेत मेंदूच्या पेशींमधल्या फटी जवळजवळ साठ टक्क्यांनी रुंदावतात आणि दिवसभरात साचलेलं ॲमिलॉइड, म्हणजे स्मृतिभ्रंशाशी जोडलं जाणारं एक प्रथिन, लवकर धुऊन निघतं. पण ब्रिटनच्या सरकारी नोकरांच्या पाहणीतून २०२१ साली जे आलं ते मला जास्त टोचतं. जवळपास आठ हजार माणसं, पंचवीस वर्षं. पन्नाशी ते सत्तरी सतत सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सात तासवाल्यांपेक्षा सुमारे तीस टक्के जास्त. पन्नाशी! म्हणजे सोसायटीच्या बाकावरची माणसं राहिली बाजूला, रात्री साडेबाराला रील्स बघणारी आमची पिढी या पाहणीत सापडते. त्यातही कमी झोपेनं आजार येतो, की कित्येक वर्षं आधी मेंदूत सुरू झालेला आजारच झोप बिघडवतो, हे कोडं पुरतं सुटलेलं नाही.

आत्याला डॉक्टरांनी विचारलं, "घोरता का?"

ती म्हणाली, "मला कसं कळणार?"

यावर मी बरेच दिवस विचार करत राहिले. काका होते तोवर रोज सकाळी चहाबरोबर अहवाल मिळायचा. काल फार घोरलीस, मध्येच श्वास अडकला, मी हलवलं. ती चिडायची. काका गेले आणि तिच्या झोपेचा एकमेव साक्षीदार गेला. एकट्या राहणाऱ्या किती बायका आणि पुरुष रात्री श्वास अडकून दचकून जागे होत असतील, सकाळी डोकं जड, दिवसा पेंग, आणि सगळं खापर वयावर. आत्याच्या बोटाला आणि नाकाला नळ्या लावून घरीच एक रात्र मोजणी केली. झोपेत तिचा श्वास दहा-दहा सेकंद आणि त्याहून जास्त थांबत होता, रक्तातला प्राणवायू खाली येत होता, दर वेळी मेंदू तिला थोडं जागं करत होता. आता ती हवेच्या दाबाचा मास्क लावून झोपते. पहिल्या रात्री फोन करून म्हणाली, "गणपतीसारखी सोंड लावून पडलेय." समोरच्या बाईंचं नाव अजून अडतं. दुपारची पेंग मात्र गेली आहे.

राहता राहिला मामा. आत्याची प्रगती ऐकून त्यानं मला झोपेवर आणि स्मरणशक्तीवर दीर्घ व्हॉइस मेसेज पाठवला, त्यात अक्रोड भिजवून खाण्यापासून पायाच्या तळव्याला तूप चोळण्यापर्यंत सगळं होतं. मी त्याला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीची २०२४ सालची यादी सांगितली. स्मृतिभ्रंशाची शक्यता वाढवणाऱ्या आणि आपल्याला हात घालता येईल अशा चौदा गोष्टी. रक्तदाब, मधुमेह, नजर, एकटेपणा. त्यात झोप नाहीच, तेवढा पुरावा अजून नाही म्हणून. पण कमी ऐकू येणं आहे. आणि मामाचं कानाचं मशीन गेल्या दिवाळीपासून ड्रॉवरमध्ये आहे, कारण त्यातून कुकरची शिट्टी फार मोठी ऐकू येते.

"मामा, तू आधी कान तपासून मशीन नीट लावून घे."

"काय?"

"कान! कान!"

शेवटी मीच वेळ घेतली, गुरुवारी दुपारी चारची. मामाला पसंत नाही. पाच करून घे म्हणतो, चारला तो झोपलेला असतो.