साधं पेट्रोल भरा, बाटली विचार करून ओता

रोज महागडं पेट्रोल भरू नका, असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. साधं भरा आणि वर्षातनं एकदा-दोनदा इंजिन आतनं साफ करणाऱ्या चांगल्या क्लीनरची बाटली पेट्रोलच्या टाकीत ओता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं गॅरेज आहे, निम्मं आयुष्य इंजिनांची हेडं खोलण्यात गेलंय आणि ह्या बाबतीत माझं मत पक्कं झालंय. पण लोक हे अर्धवट ऐकतात आणि दुकानात समोर दिसेल ती बाटली उचलतात. म्हणून सगळं नीट लिहून काढतोय.

आधी ऑक्टेनचा विषय मिटवू. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये दाब वाढल्यावर पेट्रोल आपोआप पेटायला किती विरोध करतंय, त्याचं ते माप. पूर्वी आपल्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेन किमान ९१ असायचं. आता २० टक्के इथेनॉलवालं जे पेट्रोल सगळीकडं मिळतंय, त्याचं मानकच किमान ९५ आहे. ज्या स्कूटरचं इंजिन ९१ वर चालायला बनवलंय, तिला वरचं ऑक्टेन देऊन एक पैचा फायदा नाही. महाग पेट्रोलमध्ये खरी कामाची गोष्ट असते ती त्यातलं डिटर्जंट, म्हणजे घाण साफ करणारं रसायन, आणि ते वेगळं विकत मिळतंय. महिन्याला ४० लिटर जाळणारा माणूस लिटरमागे सात रुपये जादा मोजत असेल, तर वर्षाला ३,३६० रुपये जातात. त्याच्या निम्म्यापेक्षा कमी पैशात दोन चांगल्या बाटल्या येतात.

आता घाण येते कुठनं ते बघा. सगळे म्हणतात पेट्रोल खराब. मी म्हणतो, आधी गाडी कशी चालते ते सांगा. गंगावेशीतल्या एका काकींची स्कूटर आमच्याकडं येते. घर ते मंडई, मंडई ते महाद्वार रोड, परत घर. इंजिन पुरतं तापायच्या आतच बंद होतं. गाडी कमी चाललेली, पण प्लग काळा आणि पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचं तोंड चिकट. इंजेक्टरवर घाण बसते ती जास्त करून गाडी बंद केल्यावर. इंजिन पुरतं तापलं नसलं तरी गरम असतं, नोझलच्या टोकाला थेंबभर पेट्रोल राहिलेलं असतं, त्यातलं हलकं उडून जातं आणि जड चिकटा तिथंच भाजून बसतो. दिवसातनं पाच वेळा बंद-चालू केलं की पाच थर. मग फवारा नीट फुटत नाही, धार लागते, सकाळी गाडी मिसिंग मारायला लागते.

इनटेक व्हॉल्व्हची, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल सोडणाऱ्या झडपेची गोष्ट वेगळी. तिथं पेट्रोलचा चिकटा असतोच, शिवाय व्हॉल्व्ह गाइडमधनं झिरपणारं ऑइल आणि क्रँककेसमधनं, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतनं परत येणारी तेलकट वाफ येऊन बसते. हेड खोलल्यावर व्हॉल्व्हच्या मानेवर काळा, खरबरीत कार्बन दिसतो. तो स्पंजासारखा असतो. थंड इंजिनात आलेलं पेट्रोल आधी तोच पिऊन घेतो, सिलिंडरला कमी पोचतं. ‘मिस्त्री, सकाळच्याला गाडी दम धरंना झालीया’ अशी तक्रार आली की मी पहिला संशय तिथं घेतो.

पन्हाळ्याकडचे एक गुरुजी आहेत, जुनी पेट्रोल गाडी, बारीक आवाज लगेच ओळखणारा माणूस. घाट चढताना टकटक नोकिंग, म्हणजे पेट्रोल आपोआप पेटल्याचा आवाज, ऐकू यायचं. कुणीतरी त्यांना ऑक्टेन बूस्टर, म्हणजे ऑक्टेन वाढवणारी बाटली, घ्यायला सांगितलं होतं. मी प्लग काढून भोकातनं कॅमेरा आत घातला. पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा थर. हा थर जागा खातो म्हणून दाब वाढतो, उष्णता धरून ठेवतो आणि नोकिंग सुरू होतं. बूस्टरनं आवाज दबला असता, कार्बन तिथंच राहिला असता. त्यात स्वस्त बूस्टरमध्ये पुष्कळदा फेरोसीन असतं, म्हणजे लोखंडाचं संयुग. जळल्यावर त्याचा तांबूस थर प्लगच्या चिनीमातीवर बसतो आणि ठिणगी गळायला लागते. असले तांबडे प्लग माझ्याकडं बदलायला येतात. गुरुजींच्या टाकीत आम्ही पीईए ह्या डिटर्जंटच्या क्लीनरची बाटली ओतली, आणि टाकी संपल्यावर कॅमेऱ्यात पिस्टनचं ॲल्युमिनियम जागोजागी उघडं दिसलं. त्यांना ते मुद्दाम दाखवलं.

पीईए म्हणजे पॉलिईथरअमाईन. बाटली घेताना हे नाव शोधा. ह्याचं एक टोक कार्बनला चिकटतं, दुसरं पेट्रोलमध्ये विरघळतं, आणि घाण थोडी-थोडी सुटून जळून जाते. पीआयबीए नावाचं जुनं डिटर्जंट व्हॉल्व्ह साफ करतं, पण जास्त उष्णतेला टिकत नाही आणि ज्वलनकक्षात स्वतःच थोडा थर सोडू शकतं. पीईए ती उष्णता सोसतं. ज्या बाटलीवर आत काय आहे हे कुठंच लिहिलेलं नाही, नुसतं ‘ॲव्हरेज वाढेल’ म्हटलंय, ती मी दुकानात ठेवत नाही.

हे नुसतं उद्यमनगरातल्या मिस्त्रीचं म्हणणं नव्हे. अमेरिकेत १९९५ पासून पेट्रोलमध्ये डिटर्जंट घालणं सक्तीचं आहे. ते प्रमाण तोकडं वाटलं म्हणून २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा ह्यांनी ‘टॉप टिअर’ नावाचं जास्त कडक मानक काढलं. तिथल्या वाहनचालकांच्या ट्रिपल-ए ह्या संघटनेनं २०१६ मध्ये चाचणी जाहीर केली. सुमारे ६,४०० किलोमीटरइतकं इंजिन चालवल्यावर टॉप टिअर नसलेल्या पेट्रोलनं इनटेक व्हॉल्व्हवर सरासरी १९ पट जास्त थर बसवला होता. फरक पडला तो डिटर्जंटमुळं.

आता बाटली कुठं उपयोगाची नाही तेही ऐका. नव्या टर्बो गाड्यांत डायरेक्ट इंजेक्शन असेल तर पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हला शिवतच नाही. तिथं बाटलीनं इंजेक्टर साफ होईल, व्हॉल्व्ह नाही. पिस्टनच्या रिंगा झिजून गेलेल्या, ऑइल खाणाऱ्या इंजिनात बाटल्या ओतणं म्हणजे पैसे पाण्यात. आणि टाकीत डांबरगोळी टाकायची जुनी सवय कृपा करून सोडा. आजच्या पुष्कळ गोळ्या नॅप्थलीनच्या नसतात, क्लोरीनवाल्या रसायनाच्या असतात. ते जळलं की आम्ल तयार होतं, आणि ते इंजिनातच फिरतं.

इथेनॉलबद्दल आमच्या भागात बोलताना मी जपून बोलतो, कारण माझी निम्मी गिऱ्हाइकं ऊसकरी आहेत. कारखान्याच्या डिस्टिलरीतनं जे निघतंय त्यात त्यांच्या घामाचे पैसे आहेत आणि ते मिळायलाच पाहिजेत. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं हेही खरं. आपल्याकडचा पाऊस, त्यात झाकणाचं रबर गेलेली जुनी मोटरसायकल आठवडेच्या आठवडे अंगणात उभी. पाणी ठरावीक प्रमाणाच्या वर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळा थर बनतो. गाडी तोच थर ओढते आणि चालू होत नाही. क्लीनरची बाटली इथं काही करू शकत नाही. टाकी उपसून वाळवावीच लागते. शिवाय इथेनॉल जुन्या टाकीतला चिकटा सोडवून पुढं ढकलतं आणि फिल्टर तुंबतो, म्हणून जुन्या गाडीत आधी फिल्टर बघायचा, मग बाकीचं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांच्या नळ्या २० टक्के इथेनॉलला टिकतील अशा बनतात; त्याआधीची गाडी असेल तर पेट्रोलच्या रबरी नळ्या हातानं दाबून बघा. फुगलेल्या किंवा भेगाळलेल्या दिसल्या तर लगेच बदला.

ओतायची पद्धतही आहे. ऑइल बदलायच्या आधीच्या टाकीला ओता, नंतर नव्हे. सुटलेली घाण आणि न जळलेलं क्लीनर थोडंफार ऑइलमध्ये उतरतं, ते जुन्या ऑइलबरोबर निघून जाऊ दे. आधी बाटली ओता, मग पेट्रोल भरा, म्हणजे मिसळण होते. त्या टाकीवर गावात घिरट्या घालू नका. गगनबावड्याच्या रस्त्याला जाऊन या, इंजिन चांगलं तापू दे. दुचाकीवाल्यांनी कारची अख्खी बाटली पाच लिटरच्या टाकीत ओतू नये. बाटली किती लिटर पेट्रोलला आहे ते मागं छापलेलं असतं, त्या हिशेबानं औषधाच्या सिरिंजनं मापून घाला. काकींच्या स्कूटरला मी तसंच घालतो आणि उरलेली बाटली घट्ट बंद करून पुढच्या सर्व्हिसिंगसाठी त्यांच्याच डिकीत ठेवून देतो.