एडेल, आणि दुसऱ्याच्या शेतातून बिनधास्त चालणं

इंग्लंडहून आले म्हटल्यावर ठाण्यातल्या आमच्या ट्रेक ग्रुपवर पहिला प्रश्न लंडन आय बघितलंस का, दुसरा लॉर्ड्स बघितलंस का. दोन्ही नाही. मी लिहिणार ते एडेलबद्दल, डर्बीशायरमधलं साडेतीनशेएक वस्तीचं गाव, आणि त्यातही खरं तर तिथल्या पायवाटांबद्दल.

माझा दीर मँचेस्टरला असतो, तिथून शेफिल्डकडे जाणारी सगळीकडे थांबणारी ट्रेन पकडली की पाऊण तासात एडेल. स्टेशन म्हणजे दोन प्लॅटफॉर्म, बाकी काही नाही, वडापाव तर विसराच. अपर बूथ, बार्बर बूथ, ग्राइंड्सब्रुक बूथ अशा पाच वाड्या मिळून हे गाव होतं, पूर्वी गुराख्यांच्या झोपड्या होत्या तिथे. एक चर्च, एक छोटी शाळा, दोन पब. त्यातल्या ओल्ड नॅग्ज हेड नावाच्या पबपासून पेनाइन वे सुरू होतो, २६८ मैल, म्हणजे ४३० किलोमीटर, थेट स्कॉटलंडच्या हद्दीत कर्क येथोमपर्यंत. आम्ही त्यातले फार तर आठ-दहा किलोमीटर चाललो असू, हे आधीच सांगून टाकते.

तर वाट. गाव संपलं की लाकडी फाटक, त्यावर पिवळा बाण, आणि पलीकडे सरळ कोणाचं तरी कुरण, मेंढ्या चरतायत, लांब कोपऱ्यात शेतकऱ्याचं घर. मी फाटकापाशीच थांबले, आता कोणीतरी काठी घेऊन येणार म्हणून. दीर म्हणाला, "वहिनी, थांबलीस काय, रस्ताच आहे हा." आणि खरंच रस्ताच. जमीन त्या माणसाची पण वाटेवर चालायचा हक्क सगळ्यांचा, फक्त वाट सोडायची नाही आणि फाटक जसं होतं तसं लावायचं. शेताच्या मधून जाणारी पायवाट नांगरली आणि पेरणी केली तरी १४ दिवसांत किमान एक मीटर रुंद वाट पुन्हा मोकळी करून द्यावी लागते, असा कायदा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये असे हक्काचे रस्ते मिळून सव्वादोन लाख किलोमीटर भरतात आणि ते नकाशावर हिरव्या तुटक रेघांनी छापलेले असतात.

आता आपल्याकडे बघा. जमीन महसूल संहितेतलं कलम १४३ आहे, बांधावरून रस्ता मिळवून देणारं, पण ते शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जाता यावं म्हणून. नुसतं डोंगरावर फिरायला निघालेल्याला त्याचा उपयोग शून्य. मुरबाडकडे एका किल्ल्याची जुनी वाट आम्ही कॉलेजपासून चढायचो, आता तिथे फार्महाऊसचं कुंपण, वॉचमन आणि "खासगी मालमत्ता"चा बोर्ड. गावातल्या मावश्या पण वळसा घालून जातात, डोक्यावर लाकडं घेऊन. आपण काय करतो, दुसरी वाट शोधतो आणि गप्प बसतो.

तिथेही हे फुकट मिळालेलं नाही बरं का. एडेलच्या मागे किंडर स्काउट नावाचं ६३६ मीटर उंचीचं पठार आहे, तिथे श्रीमंत लोक ग्राउज पक्ष्यांची शिकार करायचे आणि बाकीच्यांना मज्जाव. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरकडचे काही शे कामगार, पोरं-पोरी सगळे मुद्दाम घुसले, पुढे होता २० वर्षांचा बेनी रॉथमन. राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंग, बेनीला चार महिने. नॅशनल पार्क आणि मोकळ्या रानात फिरण्याच्या हक्काचा कायदा आला १९४९ मध्ये, आणि १९५१ मध्ये हाच भाग, पीक डिस्ट्रिक्ट, ब्रिटनचं पहिलं नॅशनल पार्क झाला. तेव्हा ती जमीन ज्यांची होती त्या घराण्यातल्या डेव्हनशायरच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल माफी मागितली ती २००२ मध्ये, सत्तर वर्षांनी, पण मागितली.

वर पठारावर सगळं काळं दलदलीचं पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची ओली माती, पाय टाकला की बूट आतच. म्हणून वाटेवर मोठमोठ्या दगडी फरश्या टाकल्यात, त्यातल्या बऱ्याच पाडलेल्या जुन्या कापड गिरण्यांच्या आहेत, हेलिकॉप्टरने आणून ठेवलेल्या. काहींना मशिनच्या खिळ्यांची भोकं अजून दिसतात, मी त्यात बोट घालून बघितलं. (आपल्या गिरण्यांच्या फरश्या कुठे गेल्या कोण जाणे, वर टॉवर आले एवढं माहितीये.) पश्चिम कडेला किंडर डाउनफॉल धबधबा, वारा सुटला की पाणी उलटं वर उडतं, नाणेघाटात पावसाळ्यात होतं तसंच अगदी, फक्त गर्दी आणि मक्याची कणसं नाहीत.

दुसऱ्या बाजूला मॅम टॉर. हा डोंगर हजारो वर्षं हळूहळू घसरतोय, त्याच्या अंगावरून जाणारा मोठा रस्ता दुरुस्त करून करून शेवटी १९७९ मध्ये त्यांनी कायमचा बंद केला. आता तिथे डांबराचे थर एकावर एक, मधला पांढरा पट्टा तुटून खालच्या पायरीवर गेलेला. घाटात दरड कोसळली की आपण जेसीबी लावून पुन्हा तोच रस्ता करतो, तर मला हा हट्ट सोडून देणं फार आवडलं, नवरा म्हणाला बजेट संपलं असेल.

जाणार असाल तर रविवार टाळा, ट्रेन तुडुंब असते. उन्हाळ्यातही रेनकोट आणि जाड मोजे घ्याच, आणि खायचं सोबत न्या, आम्ही मेथीचे ठेपले नेले होते ते मेंढ्यांसमोर बसून संपवले.