पावडर न लागलेला कान

जालन्यात आमचं प्रिंटिंगचं दुकान लग्नसराई आणि वाढदिवसाच्या बॅनरांवर चालतं. कॅनव्हासचं काम अधूनमधून येतं: कुणाच्या बंगल्यात शिवराज्याभिषेक, कुणाकडे सात घोडे, डॉक्टरांच्या केबिनला बुद्ध. त्यामुळे जुन्या जालन्यातल्या एका पार्लरवाल्या ताईंनी मोबाइल पुढे करून "ही पाहिजे, नवरीच्या खोलीत लावायला" म्हटलं, तेव्हा मी आधी फोटो मोठा करून पाहिला. काळा गाऊन, वळवलेली मान, पांढरीफटक कांती. ओळखीची निघाली. जी.डी. आर्ट हा चित्रकलेचा डिप्लोमा करताना हिची स्लाइड बघितलेली. अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंटची 'मॅडम एक्स'.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो उंचीला १६०० पिक्सेल. ताईंचं माप अडीच फूट रुंद, पावणेपाच फूट उंच. म्हणजे इंचाला जेमतेम २८ ठिपके. बॅनर रस्त्यापलीकडून बघतात, तिथे खपून जातं. इथे नवरी खुर्चीत बसून हातभरावरून बघणार. मूळ चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. कॉपीराइट संपलेल्या आपल्याकडच्या चित्रांचे फोटो या म्युझियमने २०१७ पासून कुणालाही वापरायला मोकळे केलेत, आणि सार्जंटला जाऊन शंभर वर्षं झाली. फाइल तिथून घेतली. मूळ चित्र जवळपास २०९ बाय ११० सेंटीमीटर, म्हणजे उंची-रुंदीचं प्रमाण ताईंच्या मापासारखंच, त्यामुळे काही कापावं लागलं नाही.

खरा जीव खाल्ला तो काळ्याने. त्या गाऊनचा काळा एक नाही. वर मखमल, खाली सॅटिन, आणि कमरेखालच्या चुण्यांवर करडा-तपकिरी उजेड. बॅनरच्या सेटिंगवर मशीन सोडलं की या सगळ्याचं डांबर होतं. शाई वाढवून काळा गडद करावा, तर कॅनव्हास लवकर वाळत नाही आणि फ्रेमच्या कडेवर वळवताना तिथेच तडकून पांढरा धागा डोकावतो. म्हणून गडद भाग थोडा उचलला, शाईची मर्यादा खाली आणली, स्पीड कमी केला आणि नुसता कंबर ते गुडघा एवढा पट्टा टेस्टला काढला. चुण्या दिसल्या. चेहऱ्याचाही एक तुकडा काढून ठेवला.

तो बघायला ताई आल्या, सोबत त्यांची आई.

"भाऊ, ही अशी आजारी कामून दिसू राहिली? निळसर झाली की. अन् कान बघा, लालेलाल. मशीनमध्ये गडबड आहे का काही?"

मशीनची शाई सगळीकडून नीट पडते हे दाखवणारा नोझल चेकचा कागद मी दाखवला, स्क्रीनवर फाइल दाखवली. रंग तिथेही तोच.

"मग थोडी गुलाबी करा ना. अन् कान तोंडासारखा करून टाका."

आता, तोंडं उजळवणं हा आमचा रोजचा धंदा आहे. आमच्या दुकानातून कोणताही भावी नगरसेवक दोन-तीन शेड गोरा झाल्याशिवाय चौकात जात नाही. तत्त्वाचा वगैरे प्रश्न नव्हता. पण या फाइलवर हात चालेना. मी काही बोलायच्या आतच आईंनी तो तुकडा उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि दाराशी उन्हात नेऊन धरला. अंबडला त्यांनी उभी हयात नवऱ्या सजवण्यात घालवलेली, पार्लर हा शब्द तिकडे पोचायच्या आधीपासून.

"मशीनचं काही नाही गं. हिनं पावडर थापलीय. तोंड, मान, छाती, हात, समदीकडं. कान तेवढा राह्यला."

मला टाळी द्यावीशी वाटली. नेमकं तेच आहे. बाईचं नाव व्हर्जिनी गोत्रो. जन्म अमेरिकेत, न्यू ऑर्लिअन्सचा. लग्न पॅरिसच्या बँकवाल्याशी. दिसण्यासाठी पॅरिसभर नाव, आणि अंगाला फिकट जांभळट पावडर लावण्यासाठीही. चित्र काढायच्या काळात सार्जंटने एका मैत्रिणीला पत्र लिहिलं, त्यात अशा कांतीला त्याने टीपकागदाचा रंग म्हटलंय. तो रंग त्याने जसाच्या तसा रंगवला आणि कान लाल ठेवला. माझ्या मते चित्रातली सगळ्यात धीट जागा तीच. लोक मात्र बोंबलले ते खांद्यावरून. १८८४ च्या पॅरिसच्या सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, चित्र लागलं तेव्हा गाऊनचा एक पट्टा खांद्यावरून घसरलेला होता. इतका गवगवा झाला, की बाईंच्या आईने चित्र काढून घ्या म्हणून सार्जंटला विनवलं. त्याने ऐकलं नाही. प्रदर्शनानंतर मात्र पट्टा पुन्हा खांद्यावर रंगवला.

"म्हणजे एडिटिंग तवाबी होतंच," ताई म्हणाल्या.

होतंच. पुढे चित्र वर्षानुवर्षं सार्जंटच्या स्टुडिओत राहिलं. १९१५ मध्ये बाई वारल्या, आणि दुसऱ्या वर्षी त्याने ते मेट्रोपॉलिटनला हजार पौंडांना विकलं. त्यांचं नाव लावू नका, अशीही इच्छा कळवली.

गुलाबी करायचा विषय तिथेच बारगळला. प्रिंट रात्री काढली, तेव्हा लाईट दगा देत नाही. वाळायला पुरता वेळ दिला, वरून कोटिंग मारलं, मग पाइनच्या पट्ट्यांवर ताणलं. आधी चारी बाजूंच्या मध्यावर स्टेपल, मग समोरासमोर कोपऱ्यांकडे. एका टोकाकडून ठोकत गेलं तर बाईंची मान तिरपी होते. कडा तडकल्या नाहीत.

पार्लरात टांगल्यावर ती पुन्हा निळी दिसायला लागली. दोष वरच्या पांढऱ्याशुभ्र एलईडीचा. ताईंना म्हटलं, बल्ब बदला, याच उजेडात तुम्ही नवऱ्यांचा मेकअप करता आणि त्या मंडपात पिवळ्या लाईटखाली उभ्या राहतात. आई लगेच म्हणाल्या, "मी हिला कवाचं सांगू राहिले." बल्ब बदलले गेले.

बाकीचे पैसे घ्यायला गेलो तेव्हा आई कामावर आलेल्या एका नव्या पोरीला चित्रासमोर उभी करून विचारत होत्या, "काय राह्यलंय सांग?" पोरगी गाऊनकडे बघत होती.