बाराव्या हिश्श्याची खुर्ची

स्नेहसंमेलनं, सहली, निकालाचे दिवस यांच्याबद्दल या स्मरणिकेत पुष्कळजण लिहितील. मला लिहायचं आहे ते हस्तव्यवसायाच्या तासाबद्दल आणि त्या तासाला आम्ही केलेल्या, तळहातावर मावणाऱ्या लाकडी खुर्चीबद्दल.

प्रमाण सरांनी ठरवून दिलं होतं, एकास बारा. खऱ्या खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटर उंच असते, तेव्हा आमची ३८ मिलिमीटरच्या आसपास. पाय ३ मिलिमीटर जाड, आडव्या दांड्या २. छोट्या वस्तू घडवणाऱ्यांमध्ये हे माप रूढ आहे. नवी दिल्ली उभारणाऱ्या वास्तुविशारदांपैकी एक, एडविन लट्यन्स, यांनी राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात घडवलेलं बाहुलीघर याच मापाचं आहे. सर हे सांगायचे आणि समोरचा काडीएवढा तुकडा आम्ही जास्त जपून धरायचो.

पण लाकडाला भागाकार कळत नाही. मोठ्या खुर्चीत देखणा दिसणारा साग बाराव्या हिश्श्याला आणला, तरी त्याच्या रेषा आणि छिद्रं आहेत तेवढीच राहतात आणि बारीक पायावर ती खरबरीत दिसतात. म्हणून घट्ट, बारीक पोताचं लाकूड हवं. नासपतीचं फार छान. जोड मात्र मोठ्या खुर्चीचेच. दांडीचं टोक तासून दीड मिलिमीटरच्या भोकात बसवायचं, नुसतं सरस लावून चिकटवायचं नाही. भोक पाडल्यावर पायाची निम्मीच जाडी उरते, म्हणून पुढची दांडी आणि बाजूची दांडी एका उंचीवर घ्यायची नाही. भोकं एकमेकांना भिडली की पाय तिथेच मोडतो. खऱ्या खुर्चीतही दांड्या वरखाली का असतात, हे मला या छोट्या खुर्चीने शिकवलं.

खरी मजा बैठकीत. लव्हाळ्याच्या दोरीने विणतात तीच वीण, फक्त दोरीच्या जागी अर्ध्या मिलिमीटरचा दोरा. दोऱ्याला आधी मेण चोळायचं, नाहीतर त्याची लव उभी राहते आणि सगळी बैठक केसाळ दिसते. दोरा पुढच्या दांडीवरून घ्यायचा, खालून वळवून मधल्या मोकळ्या जागेतून वर काढायचा, डाव्या दांडीवरून खाली न्यायचा आणि सरळ उजव्या दांडीकडे. तिथेही तसंच, मग मागची बाजू. चारही कोपरे असे आळीपाळीने भरत येतात आणि वीण कडेकडून मध्याकडे सरकते. बैठक पुढे रुंद आणि मागे अरुंद असते, त्यामुळे आधी फक्त पुढच्या दोन कोपऱ्यांत आखूड दोरे भरून दोन्ही बाजू सारख्या करून घ्यायच्या. ही पायरी गाळली की कोपऱ्यांतून निघणाऱ्या तिरप्या रेषा वाकड्या जातात आणि पुढे काहीही केलं तरी सरळ होत नाहीत. प्रत्येक फेऱ्याला ताण सारखा हवा. जास्त ओढलं तर दांड्या आत वाकतात, सैल सोडलं तर बैठक झोळी होते. वरच्या आणि खालच्या थरांच्या मध्ये पातळ पुठ्ठा सरकवायचा, म्हणजे ती भरीव दिसते.

सर वर्गात फिरत आणि विणलेल्या भागावर बोट दाबून बघत. बोलत कमी. "ताण बघ," एवढंच. माझ्या मते शाळेतल्या कुठल्याही विषयाच्या शिक्षकाने याहून नेमकी सूचना दिली नसेल, कारण चूक कुठे आहे ते आपल्याच बोटांना लगेच समजायचं. वही तपासून यायची वाट बघावी लागत नसे.

पुढे मी नोकरीत सुतारकामाच्या जवळपासही गेलो नाही, तरी दर सुट्टीत एखादी खुर्ची करतोच. वेताच्या जाळीची बैठकही करून पाहिली. आठ कोनांची छिद्रं त्या मापात उतरवणं फार अवघड, पण जमलं की डोळ्यांना सुख होतं.

हस्तव्यवसायाचा तास वेळापत्रकात पूर्वीसारखाच दोन तासिकांचा सलग राहावा, ही शाळेला मनापासून विनंती. बैठक एका तासिकेत विणून होत नाही, आणि अर्धवट सोडलेला दोरा सैल पडतो. शिकवायला कुणी हवं असेल तर मी येईन. लाकूड, दोरा आणि मेण माझ्याकडचं.